बाळंतपण मोफत, म्हणजे नेमकं काय काय मोफत?

गरीब ग्रामीण जिल्ह्यांत माता-बाल आरोग्यसेवा मोफतच असली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण केस पेपरची फी बंद केली म्हणजे झालं, हे मला अजिबात मान्य नाही. फी गेली की गर्दी वाढते. त्याच फीतून हातमोजे, सुया, गाडीचं डिझेल अशी किरकोळ खरेदी होत असते, तीही थांबते. वरून तेवढा निधी वेळेवर आला नाही तर बाहेरून औषधं आणायची चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात पडणारच. सिएरा लिओनने एप्रिल २०१० मध्ये गरोदर व स्तनदा माता आणि ५ वर्षांखालच्या मुलांसाठी उपचार मोफत केले, तेव्हा कर्मचाऱ्यांचे पगारही वाढवले. फी बंद करताना अशी जोड हवीच.

ऑक्सिटोसिनचंच बघा, म्हणजे गर्भाशय आवळून बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळणारं इंजेक्शन. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री केली, की एका मिनिटात आईला १० युनिट स्नायूत द्यायचे. स्वस्त औषध, पण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावं लागतं. प्रत्यक्षात कुप्या लेबर रूमच्या ट्रेमध्ये दिवसचे दिवस उकाड्यात पडून असतात. औषधाचा जोर कमी झाला तरी रंग बदलत नाही, त्यामुळे कुणाला कळत नाही. इंजेक्शन दिल्याची नोंद होते, गर्भाशय मात्र मऊच राहतं आणि रक्त वाहत राहतं. लसींच्या फ्रीजमध्ये वेगळ्या डब्यात कुप्या ठेवता येतात, पण मग रात्रपाळीच्या सिस्टरकडेही त्या फ्रीजची किल्ली हवी! जिथे विजेचाच भरवसा नाही, तिथे रक्तस्राव टाळण्यासाठी त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या २०० मायक्रोग्रॅमच्या ३ गोळ्या तोंडाने देता येतात.

मागणीपत्रकातही घोळ होतो. कुपी ५ युनिटची असेल तर एका बाईला २ लागतात. महिन्याला ३० बाळंतपणं म्हणजे ६० कुप्या, आणि रक्तस्रावाच्या उपचारासाठी लागणारा साठा त्याहून वेगळा. ३० मागवल्या तर महिन्याच्या मध्यावर कपाट रिकामं.

रक्त किती गेलं याचा नुसत्या नजरेने घेतलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बाईच्या खाली लावली की आकडा समोर दिसतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत हे मोजमाप आणि गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारं औषध), सलाईन, तपासणी हे सगळे उपचार एकदम सुरू करून पाहिले. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्याने मृत्यू, हे सगळं धरून प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, शिरेतून, प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत. उशीर झाला तर उपयोग नाही.

गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबामुळे झटके आलेल्या बाईला ते झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट न देताच पुढे पाठवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. ५० टक्के तीव्रतेचं औषध, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत. एवढा पहिला डोस दिला की गाडी निघू दे. न देण्याचं कारण बहुधा भीती असते. श्वास मंदावला तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम शेजारीच ठेवा, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि लघवी बघायला शिकवा, भीती कमी होते.

बाळाचं थोडक्यात सांगायचं तर, न रडणाऱ्या बाळाला पुसून, उत्तेजना देऊनही श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्क, म्हणजे हाताने दाबून श्वास देणारी पिशवी आणि मास्क, सुरू व्हायला हवा. ते मिनिट नळीने घसा साफ करण्यात जातं, किंवा मास्क मोठा असल्याने हवा कडेने निघून जाते. अगदी लहान बाळांसाठी ० आणि इतरांसाठी १, दोन्ही नंबरचे मास्क हवेत.

आणि परतीची गाडी. आणायला गाडी येते, सोडायला नसते. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, जेवणाचा खर्च होतो, म्हणून मिळेल त्या वाहनाने बाई काही तासांतच घरी निघते. किमान २४ तास तिला थांबवायचं असेल तर दोघांचं जेवण, सोबत्याला झोपायची जागा आणि परतीचं वाहन यांची तरतूद पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकातच हवी.