‘एकदा ईआरपी बसवलं की वीस वर्षं बघायला नको’ म्हणे!

आमच्या नागपूरच्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. नावाजलेलं, महागडं ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या, आपल्या पद्धतीप्रमाणे वाकवून घ्या, एकदा सुरू झालं की वीस वर्षं बघायला नको. मी हिंगणा एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो. मला यातलं एकही पटत नाही.

महागडं घ्या? अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेट कंपनीने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर ओतले आणि १९९९ मध्ये ऐन सीझनच्या तोंडावर घाईने नवी सिस्टिम सुरू केली. हॅलोविन आला तरी माल गोदामातच आणि दुकानदार ऑर्डरची वाट बघतायत. पैसा कमी पडला नव्हता बापा!

वाकवून घ्या म्हणता, तर लिडलचं बघा. ही जर्मन सुपरमार्केट कंपनी साठ्याचं मूल्य खरेदीभावाने धरायची, त्यांनी घेतलेल्या एसएपी या ईआरपीची तयार रचना विक्रीभावाची. पद्धत सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअरच बदलत बसले. सात वर्षं आणि अंदाजे ५० कोटी युरो घालवून २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला. जॉबवर्कच्या (बाहेर कामाला पाठवलेल्या मालाच्या) चलनासारखं थोडंफार बदलावं लागतं, कबूल. पण जितकं वाकवाल तितकं पुढचं अपडेट अडतं.

आणि अपडेट काही टळत नाही. २०१७ ला जीएसटी आला, ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागू झालं. कुठली वीस वर्षं?

खरी गोम आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या मालाच्या मूळ यादीत असते. आमच्याकडे एकाच बोल्टचे चार कोड होते: ‘बोल्ट एम १२’, ‘एम-१२ हेक्स’, ‘हेक्स बोल्ट १२’ आणि कोणीतरी घाईत टाकलेला ‘बोलट’. खरेदी किलोत, इश्यू नगात. स्क्रीनवर शिल्लक शून्य, म्हणून नवी पीओ (खरेदी ऑर्डर) निघाली, आणि रॅकमध्ये तीन पेट्या धूळ खात. शिवी सॉफ्टवेअरला.

मग ठरलं, नवा कोड एकच माणूस उघडणार. किलोचे नग किती, ते मास्टरमध्येच भरायचं. एंट्रीशिवाय माल खिडकीबाहेर जाणार नाही. पहिले दोन महिने फोरमनभाऊ रोज भांडले. ते आपलं जुनं रजिस्टर चोरून लिहायचे, आणि मालकही आकडा त्यांनाच विचारायचे. मालकांनी विचारणं थांबवलं, तेव्हा कुठे रजिस्टर ड्रॉवरमध्ये गेलं. किल्ली माझ्याकडे आहे. फोरमनभाऊंना सांगितलंय, हरवली.