ऐंशी ओलांडली म्हणून पित्तनलिकेतला खडा तसाच ठेवायचा?

"ऐंशीच्या पुढे पित्तनलिकेतल्या खड्याला हात लावू नका. ऑपरेशन सोसत नाही. दुखत नसेल तर गोळ्यांनी विरघळेल." हा संदेश सगळीकडे फिरतोय. (पित्तनलिका म्हणजे पित्त आतड्यात नेणारी नळी.) काळजीपोटीच लिहिला असेल, पण त्यावर विसंबणं जिवावर बेतू शकतं.

आधी ऑपरेशनचं बघू. पोट उघडायची गरज बहुतेकांना पडतच नाही. पित्तनलिकेचं तोंड दुर्बिणीतून उघडण्याची पद्धत १९७४ पासून आहे. ईआरसीपी या दुर्बिणीच्या उपचारात दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्यात नेतात, नलिकेच्या तोंडाशी बारीक छेद देतात आणि खडा फुग्याने किंवा जाळीने ओढून आतड्यात सोडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर छेदाऐवजी फुग्याने तोंड रुंद करण्याचा पर्याय असतो. धोका आहेच: स्वादुपिंडाला सूज, रक्तस्राव, क्वचित आतड्याला छिद्र. गुंगीसाठी हृदय आणि फुफ्फुसं आधी तपासावी लागतात. पण नुसतं वय बघून नकार देणं चूक आहे.

"दुखत नसेल तर" हे मला सगळ्यांत घातक वाटतं. म्हातारपणी नलिकेत जंतुसंसर्ग झाला तरी पोट दुखेलच असं नाही. आजी जेवत नाहीत, असंबद्ध बोलतात, उठताना पडतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. अशा वेळी डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघा, लघवीचा रंग विचारा. पिवळेपणा आणि थंडी वाजून ताप असेल, तर सकाळची वाट बघू नका.

माणूस फारच अशक्त असेल, तर त्याच दिवशी खडा काढायलाच हवा असंही नाही. खड्याच्या बाजूने प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, सरकवतात. तुंबलेलं गढूळ पित्त, कधी पूही, त्यातून आतड्यात वाहू लागतो. खडा नंतर, अंगात ताकद आल्यावर काढता येतो. मात्र ही नळी काही महिन्यांत तुंबते आणि विसरली तर पुन्हा तोच संसर्ग होतो.

गोळ्यांचं म्हणाल, तर त्या पित्ताशयातल्या लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांसाठी असतात आणि त्यालाही महिने लागतात. नलिका तुंबलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

आयुष्याच्या अगदी शेवटी एखादे आजोबा "आता काही नको" म्हणाले, तर ते ऐकायलाच हवं. पण तो निर्णय त्यांचा. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारावं: खडा आत्ता काढताय की फक्त स्टेंट टाकताय? स्टेंट असेल, तर तो बदलायची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी.