रोग जरा बघून निवडा

मराठवाड्यात राहून साथीसाठी परदेशी मदत हवी असेल, तर बाजारात बैलाचे दात बघता तसा आधी रोग पारखून घ्या. गॅस्ट्रो अजिबात नको. टँकरचं पाणी पिऊन पोरगं जुलाबानं गळालं, तर तो तालुक्याचा विषय. आशाताई ओआरएसची पुडी देतील, त्यावर भागवा. रोग कसा विमानात बसणारा हवा.

१९९४ आठवा. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यात लोकांच्या काखेत-जांघेत प्लेगच्या गाठी आल्या. जग निवांत होतं. सप्टेंबरात सुरतेला फुफ्फुसाचा प्लेग निघाला, माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली. लगेच आखाती देशांनी विमानं थांबवली, जागतिक आरोग्य संघटनेचं पथक उतरलं. तेव्हा गाठीपेक्षा खोकला बरा.

इबोला गिनीत २०१३ च्या डिसेंबरात सुरू झाला. जागतिक आणीबाणी जाहीर झाली २०१४ च्या ऑगस्टात, आजारी अमेरिकी डॉक्टरला मायदेशी नेल्यानंतर आठवड्याभरात. योगायोगच हो!

मदत आली की पाहुण्यांचा संडास कुठं सुटतो, तेही बघा. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण नदीत गेली आणि कॉलरा पसरला. सहा वर्षांनी सरचिटणीसांनी माफी मागितली. मेलेल्यांना ती पोचली असेलच.

देवीचं उदाहरण मात्र चारचौघांत काढू नका, मदतीनं रोग खरंच जातो असं वाटायला लागतं. रशियाची लस, स्वीडनचा पैसा आणि आपले कर्मचारी. दोन टोकांची स्वस्त सुई, दंडावर पंधरा टोचे. देवी आलेल्या पोराचं चित्र दाखवत दारोदार विचारायचं, ‘असं कुणी आहे का?’ खबर देणाऱ्याला बक्षीस. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण, १९८० मध्ये जग मोकळं. पण सुईला फीत कुठून बांधणार, कोनशिला कुठं बसवणार? त्यापेक्षा मोठं यंत्र मागा. चालवणारा नसला तरी फोटो झकास येतो.

आणि जन्मभराच्या गोळ्या मदतीच्या भरवशावर सुरू करू नका. अमेरिकेच्या पैशातून आफ्रिकेत २००३ पासून लाखो लोकांना एचआयव्हीची औषधं मिळत गेली. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनात एक सही झाली आणि परदेशी मदत गोठली. तेव्हा तिकडच्या निवडणुकीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याच्या आत बरे व्हा.