वेताळाचे सिंहासन आणि बहादूरचा कुर्ता

गेल्या आठवड्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे काही जुने अंक हाती लागले. पाने पिवळी पडलेली, आणि एका मुखपृष्ठावर थोरल्या भावाने बॉलपेनने गिरवलेली कवटीची खूण. त्या अंकांतल्या नायकाचा, वेताळाचा, ठोसा बसला की शत्रूच्या हनुवटीवर उमटायची तीच.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली ही मालिका सुरू केली आणि ली फॉक यांचा अमेरिकी फँटम आपल्याकडे वेताळ झाला. मूळ कथेत त्याच्या पूर्वजावर हल्ला करणारे चाचे ‘सिंग’ होते आणि देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते. भारतीय वाचक दुखावू नये म्हणून इथे सिंगचे सिंगा झाले आणि देशाचे डेंकाली. म्हणजे आपल्याला बोचेल तेवढे नाव बदलले गेले. पण कवटीच्या सिंहासनावर बसलेला गोरा माणूस आणि विषारी बाण घेऊन त्याचा पहारा करणारे बांदर जमातीचे बुटके, काळे लोक हे चित्र जसेच्या तसे राहिले. आम्ही ते वर्षानुवर्षे आवडीने वाचले, खेळात प्रत्येकाला वेताळच व्हायचे असे, बांदर व्हायला कोणीही तयार नसे, आणि यात काही खटकण्यासारखे आहे असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. गोऱ्यांचे राज्य जाऊन तेव्हा पुरती तीन दशकेही झाली नव्हती, हे आज आठवले की मला अस्वस्थ वाटते.

म्हणूनच १९७६ साली याच मालिकेत आलेला आबिद सुरती यांचा बहादूर मला फार मोलाचा वाटतो. भगवा कुर्ता, खाली जीन्स, आणि जन्माने डाकूचा मुलगा. बापाला गोळी घालणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच त्याला वाढवले, आणि मोठेपणी त्याने सिंहासन न मांडता डाकूंशी लढण्यासाठी गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे केले. गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेली त्यातली माणसे आपल्या एसटी स्टँडवर भेटतील अशी दिसतात.

आपण कोण, याचे उत्तर मूल नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी अशा चौकटींतून शोधते. त्यामुळे माझ्या पुतणीसाठी कार्टून निवडताना मी नायकाच्या ताकदीपेक्षा त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहते: त्यांना नावे आहेत का, ती बोलतात का, की नुसती टाळ्या वाजवतात. काल तिने बहादूरचा अंक वाचून संपवला आणि विचारले, ‘आत्या, त्या दलात मुलींना घेतात का?’