‘डुगडुगतं नेपथ्य’ : अंत्रुजातल्या जुन्या नटाला उत्तर

नमस्कार काका,

सहीच्या जागी तुम्ही नुसतं ‘अंत्रुजातला एक जुना नट’ लिहिलंय (अंत्रुज म्हणजे गोव्यातला फोंड्याचा भाग), म्हणून काका म्हणते. चालेल ना?

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या जुन्या विज्ञानमालिकेच्या कृष्णधवल भागांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलंत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. केनेडींच्या खुनामुळे पहिला भाग तासभर उशिरा लागला, असं मी लिहिलं होतं. ते चूक, असं काका म्हणतात. भिंती हलतात, म्हातारा नट वाक्यं विसरतो आणि बाई (म्हणजे मी) त्याचंच कौतुक करतात. ‘पंचवीस वर्षं जत्रेत नाटकं केली, असलं डुगडुगतं नेपथ्य आमच्या गावानेसुद्धा खपवून घेतलं नसतं.’ त्यात आता रंगीत, आटोपशीर आवृत्ती निघालेली असताना जुनं उगाळायचं कशाला? आणि शेवटचं, जे मला जरा लागलं: गोव्यात त्या वेळी टीव्ही होता कुठे? म्हणजे ही आठवण उसनी आणलेली.

पहिला मुद्दा सरळ मान्य. उशीर तासभर नव्हता, ऐंशी सेकंदांचा होता. २३ नोव्हेंबर १९६३, शनिवार, वेळ संध्याकाळी सव्वापाचची. केनेडींवर गोळ्या झाडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘तासभर’ मी कुठून उचललं, देव जाणे. लेखात दुरुस्ती केली आहे. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवला, ते मात्र बरोबर लिहिलं होतं.

आता नेपथ्य. इतर कुणी हे लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण जत्रेतल्या नटाने?

ही मालिका कशी होत होती ते आधी ऐका. आठवड्याला एक भाग, पंचवीस मिनिटांचा. सोमवार ते गुरुवार तालीम. शुक्रवारी सगळे लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत, दिवसभर कॅमेऱ्यांसह तालीम आणि संध्याकाळी ध्वनिचित्रमुद्रण. व्हिडिओ टेप तेव्हा दोन इंच रुंद. मध्येच थांबून जोडायचं तर ती टेप प्रत्यक्ष कापावी लागायची आणि कापलेली टेप महागात पडायची. त्यामुळे भाग जवळजवळ सलगच करायचा. एका सेटवरचं वाक्य संपलं की नटाने कॅमेऱ्याच्या मागून धावत दुसऱ्या सेटवर जायचं आणि धाप न दाखवता पुढचं वाक्य घ्यायचं. कुणी अडखळलं तर अडखळू दे, पुढे चला. पहिल्या पर्वात असे बेचाळीस भाग झाले. तुमच्या भाषेत सांगायचं तर चार दिवस तालीम, पाचव्या दिवशी रंगीत तालीम (रंग नसलेली) आणि त्याच संध्याकाळी पडदा वर. बेचाळीस वेळा.

आमची पाच जणांची टोळी रविवारी एका मित्राच्या घरी, वसरीत चादर टांगून हे भाग पाहते. दुसऱ्याच रविवारी आमच्यातला एक, जो नाटकांची प्रकाशयोजना करतो, मध्येच म्हणाला, “हें तर नाटक मरे!” त्या दिवसापासून आम्ही ते नाटक म्हणून पाहायला लागलो आणि सगळंच बदललं. आता भिंत हलली की आम्ही हसत नाही. ती कोणाच्या धक्क्याने हलली आणि त्याने पुढच्या क्षणी काय केलं, हे बघतो. पहिल्या भागाचं मुद्रण खरं तर दोनदा झालं. पहिल्या वेळी ‘डॉक्टर’ या नायकाच्या यानाचं दार काही केल्या नीट बंद होईना, ते धडधडत राहिलं. इतरही बऱ्याच गोष्टी वरिष्ठांना पटल्या नाहीत आणि सगळं नव्याने करायला लावलं. ते फसलेलं मुद्रण शिल्लक आहे. दोन्ही लागोपाठ पाहा. तालमीत फसलेला प्रवेश प्रयोगात कसा सावरतात, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?

आणि हो, तुमचा तो ‘म्हातारा नट’, डॉक्टरचं काम करणारा विल्यम हार्टनेल, तेव्हा ५५ वर्षांचा होता. पांढरे केस म्हणजे विग. चालणं, खाकरणं, कोटाच्या कॉलरला धरून उभं राहणं, सगळं कमावलेलं. वाक्यं चुकायची हे खरंच. डालेक या यंत्रासारख्या शत्रूंच्या कथेत किरणोत्सर्गावरच्या औषधांच्या जागी तो ‘हातमोजे’ म्हणून जातो आणि तसाच स्वतःला दुरुस्त करून पुढे सरकतो. १९६५ च्या एका कथेत ‘स्पेस’च्या ऐवजी ‘स्पेन’ तोंडातून निघून जातं, तेही तो त्याच दमात सावरतो. विसराळू, चिडका म्हातारा, त्यामुळे अडखळणंसुद्धा पात्रातच जिरतं.

माझे वडील प्रॉम्प्टर होते, काका. डिचोली, फोंडा, साखळी, जिथे बोलावतील तिथे. एका जत्रेतली गोष्ट ते नेहमी सांगायचे. मध्यरात्र उलटून गेलेली, दुसरा अंक, राजा वाक्य विसरला. बाबांनी विंगेतून तीनदा दिलं, त्याला ऐकू जाईना. शेवटी राजा हात मागे बांधून, मान खाली घालून विंगेपर्यंत चालत आला, अंगवस्त्र सारखं करायच्या निमित्ताने थांबला, वाक्य घेतलं आणि तितक्याच सावकाश परत गेला. प्रेक्षकांना वाटलं, राजा किती काळजीत पडलाय. दुसऱ्या दिवशी त्या येरझाऱ्यांचंच कौतुक झालं म्हणे. तुम्ही पंचवीस वर्षं रंगमंचावर काढलीत. एकदा तरी अशी येरझार घातली असेलच. म्हणून तुमचं ‘खपवून घेतलं नसतं’ मला तितकंसं खरं वाटत नाही. आपल्या गावांनी कितीतरी खपवून घेतलंय, आणि प्रेमाने. राजवाडा पडद्यावर रंगवलेला, दोन भालदार उभे आणि सैन्य कायम ‘बाहेर’. तिकडे बीबीसीच्या लोकांनी डालेक बनवले चारच. गर्दी दाखवायला मागे त्यांचे मोठे केलेले फोटो उभे केले. पहिल्या खेपेला मला ते कळलंही नव्हतं.

आवाजांबद्दल लेखात लिहिलंच आहे, फार वाढवत नाही. यान प्रकट होतानाचा तो घरघराट म्हणजे जुन्या पियानोच्या खर्जातल्या तारेवर घराची किल्ली घासून काढलेला आवाज. आणि शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनरची असली तरी ते घडवलं डेलिया डर्बीशायर या बाईने, सिंथेसायझर हाताशी नसताना, एकेक सूर टेपवर घेऊन, कापून, जोडून. बीबीसीच्या धोरणामुळे तेव्हा तिचं नाव कुठे आलं नाही. हे वाचून माझ्या आईने विचारलं, “आणि तुझ्या बाबांचं नाव कुठल्या हँडबिलावर यायचं?”

आता रंगीत आवृत्ती. २३ नोव्हेंबर २०२३ ला, मालिकेला साठ वर्षं झाली त्या दिवशी, डालेकांची पहिली कथा रंग भरून दाखवली. रंगाबद्दल माझं भांडण तुम्हाला वाटतं तितकं मोठं नाही. काम मेहनतीने केलंय. माझ्या भाच्याने तीच पाहिली, त्याला आवडली, मला काही वाईट वाटलं नाही. फक्त एक गंमत सांगते. यानातलं ते मधलं यंत्र सगळ्यांना पांढरं वाटायचं. प्रत्यक्षात ते फिकट हिरवं रंगवलेलं होतं, कारण शुद्ध पांढरा रंग त्या कॅमेऱ्यांत झळाळायचा. तर मग खरा रंग कोणता, स्टुडिओत होता तो की घरोघरी दिसला तो? रंग भरणाऱ्याला यातलं एक निवडावंच लागतं. आपल्याकडे पेट्रोमॅक्सच्या उजेडात तोंडाला रंग कसा फासायचे, ते दिवसा बघवत नसे, तसंच हे.

माझं दुखणं वेगळं आहे. पंचवीस मिनिटांचे सात भाग होते, त्यांची पंचाहत्तर मिनिटं केली. निम्म्याहून जास्त गेलं. आणि अशा वेळी काय जातं, ते तुम्हाला सांगायला नको. नाटक आटपायचं झालं की आधी थांबे जातात. या कथेच्या पहिल्या भागात डॉक्टर आणि त्याचे तीन सोबती एका निर्मनुष्य शहरात शिरतात. दारं आपोआप मिटतात, कोणी दिसत नाही. त्यांच्यातली बार्बरा एकटी पडते आणि शेवटी तिच्या अंगावर एक रबरी वाटी लावलेला दांडा येतो. एवढंच. डालेक पूर्ण दिसतच नाही, भाग संपतो. १९६३ सालच्या पोरांनी त्या वाटीपलीकडे काय असेल याचा विचार करत आठवडा काढला. आम्हीही मुद्दाम पुढचा भाग पुढच्या रविवारीच लावतो. आमच्यातल्या एकाने चोरून आधीच बघितलं, त्याला दोन आठवडे मिरचीभज्यांचा खर्च लावला.

राहिली उसनी आठवण. कबूल, उसनीच. त्या डिसेंबरात गोव्यात काय चाललं होतं ते घराघरांत ठाऊक आहे: पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि २० डिसेंबर १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, तिकडे तो रबरी वाटीचा दांडा पडद्यावर आला. आपल्याला त्याचं काय! पण सगळंच परकं आहे, असंही म्हणवत नाही. मालिकेच्या अगदी पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौत जन्मलेला, तेव्हा पंचविशीतला. ‘डॉक्टर हू’च्या आधी दोन वर्षं बीबीसीने आणखी एक कृष्णधवल विज्ञानमालिका केली होती. अवकाशातून संदेश येतो, त्यात एक संगणक बांधायची कृती असते, असं कथानक. संदेश येतो तो देवयानी या दीर्घिकेकडून. त्या मालिकेचा सहलेखक फ्रेड हॉईल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. नारळीकर त्याच काळात त्यांच्याकडे संशोधन करत होते. त्या मालिकेच्या सात भागांपैकी एकच पूर्ण भाग सापडला, तोही २००५ साली.

हो, सापडला. कारण हे सगळं पुसलं गेलं होतं. टेपा महाग, पुन्हा वापरता येण्याजोग्या. नटांशी केलेल्या करारांमुळे जुने भाग वाटेल तितक्या वेळा दाखवता येत नसत. आणि रंग आल्यावर कृष्णधवलला गिऱ्हाईक उरलं नाही. टिकलं ते परदेशी विकण्यासाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून काढलेल्या फिल्मच्या प्रतींमुळे. ‘डॉक्टर हू’चे काही भाग हाँगकाँगहून आले, एक न्यूझीलंडहून, २०१३ साली नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरातून. वारिस हुसेनने एक भाग सोडून सगळी दिग्दर्शित केलेली मार्को पोलोची सात भागांची कथा मात्र एका भागापुरतीही मिळालेली नाही. आवाज आहे तेवढा. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आहे, कारण तेव्हाच्या काही पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो धरून ठेवला.

लेखात मी बीबीसीला बऱ्याच शिव्या घातल्या होत्या. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर बाबांचं कपाट काढलं. तिथे एक कॅसेट आहे, वर त्यांच्या अक्षरात ‘जत्रा, १९८६, अंक दुसरा’. पहिल्या आणि तिसऱ्या अंकाच्याही होत्या. आईला विचारलं. ती म्हणाली, “त्यांच्यावर भजनं भरली गो. कॅसेटी काय फुकट मिळायच्या?”

उरलेला अंक मी दोनदा ऐकला. नाटक कुठलं ते कळलं नाही. पेटी जवळ आहे, नट लांब आहेत, मध्येच कुणाचं तरी मूल रडतं. एका ठिकाणी राजा थांबतो. मग बाबांचा आवाज, नटापेक्षा मोठा, कारण टेपरेकॉर्डर विंगेतच ठेवलेला असणार: “अमात्य, रात्र किती उरली?” उत्तर नाही. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जरा चिडून. मग फळ्यांवर पावलं, जवळ येतात, थांबतात, लांब जातात. आणि राजा शांतपणे विचारतो, अमात्य, रात्र किती उरली?

पुढच्या रविवारी आम्ही मार्को पोलोचा पहिला भाग नुसता ऐकणार आहोत, दिवे घालवून. तुम्ही या. पत्ता वेगळा कळवते. मी ती कॅसेटही आणेन. अंत्रुजातलीच जत्रा असावी, असं आईला वाटतं. तो राजा कोण, आवाजावरून तुम्हाला ओळखता येईल?