‘आळशांना आणखी आळशी करताय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हौशी गोल्फ खेळणाऱ्याने चुका पोटात घालणारा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्यासाठीची मोठ्या डोक्याची काठी) घ्यावा, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. तीनदा वाचली, आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडलो : "ज्यांना मेहनत नको असते तेच असले मोठ्या डोक्याचे ड्रायव्हर शोधत फिरतात, तुम्ही आळशांना आणखी आळशी करताय."

मतभेद असू द्या, माझी हरकत नाही. पण न पाहिलेल्या माणसांना आळशी म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? नोकरी, घर, आजारपणं सांभाळून महिन्यातून दोन राउंड खेळणारा माणूस आळशी नसतो. त्याच्याकडे वेळ नसतो, एवढंच. तुम्ही पंचवीस वर्षं खेळताय हे प्रतिक्रियेत दोनदा सांगितलंत. मग नवशिक्याशी कसं बोलावं हेही एव्हाना जमायला हवं होतं.

आणि "मोठं डोकं" म्हणजे काय हो? ड्रायव्हरच्या डोक्यासाठी नियमाने ४६० सीसीची मर्यादा आहे, आणि बहुतेक व्यावसायिक खेळाडू त्या मर्यादेच्या आसपासचंच डोकं वापरतात. त्यांनाही आळशी म्हणणार का? डोक्यातलं वजन मागे आणि कडांकडे नेलं की त्याचं जडत्व आघूर्ण, म्हणजे ज्याला सगळे एमओआय म्हणतात, ते वाढतं. मग चेंडू मध्य सोडून टो-कडे (डोक्याच्या बाहेरच्या टोकाला) किंवा हीलकडे (दांड्याच्या बाजूला) लागला तरी डोकं कमी पिळतं आणि चेंडूचा वेग कमी घटतो. हे साधं भौतिकशास्त्र आहे. यात आळस कुठून आला?

आता माझंच सांगतो. पहिली दोन वर्षं मी नऊ अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे डोक्याच्या मारायच्या बाजूचा मागे झुकलेला कल), कमी स्पिनचा, लहान डोक्याचा ड्रायव्हर वापरला. "यानेच हात बसेल" असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. कोचकडे दर आठवड्याला जात होतो, मेहनत कमी नव्हती. एका सकाळी क्लबफेसवर, म्हणजे त्याच मारायच्या बाजूवर, पायाला मारतात ती पांढरी पावडर फवारली आणि दहा चेंडू मारले. पावडरीत नाण्याएवढे गोल ठसे उमटले : पाच हीलकडे, चार टो-कडे, मध्यावर एक. फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, दोन चेंडू. मग मित्राचा साडेदहा अंशांचा, जास्त एमओआयचा ड्रायव्हर घेतला, तीच पावडर मारली. ठसे तसेच विखुरलेले होते, स्विंग काही तासाभरात बदलला नव्हता. पण फेअरवेवर सहा चेंडू राहिले. त्या दिवशी घरी जाताना पहिल्यांदा वाटलं की हा खेळ सोडायला नको. पुढची नऊ वर्षं सराव केला तो त्यानंतर, त्याआधी नाही. तेव्हा मेहनतीबद्दल मला ऐकवू नका.

एक चूक मात्र कबूल. ड्रायव्हरच्या नावातलं "१०के" (दहा हजार) म्हणजे एकाच अक्षाचा एमओआय, असा अर्थ माझ्या लेखातून निघत होता. तो चुकीचा आहे. नियमातली मर्यादा, ५९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर, उभ्या अक्षाभोवतीच्या, म्हणजे हील-टो दिशेच्या एमओआयला आहे. २०२४ साली आलेल्या पिंगच्या जी४३० मॅक्स १०के सारख्या ड्रायव्हरचा दहा हजारांचा आकडा दोन अक्षांची बेरीज आहे. ही दुरुस्ती आज लेखात केली. तुम्ही दाखवून दिलंत, आभार.

बाकी मुद्दे किरकोळ आहेत. उघड्या फेसने येणारी स्लाइस (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत जाणं) ड्रायव्हर बदलून जात नाही, हे तुम्ही ठासून लिहिलंत. जाते असं मी कुठे म्हटलं होतं? लेख पुन्हा वाचा. शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, लांबीबद्दल मी स्वतः लिहिलंय की ग्रिप इंचभर खाली धरा, चेंडू मध्यावर लागायला मदत होते. चेंडू कोणता घ्यावा, हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, काढणारही नाही. पण तिच्याखाली दोन नव्या वाचकांनी "मग आम्ही काय घ्यावं?" असं बिचकत विचारलंय. त्यांना मी उत्तर दिलंय : साडेदहा किंवा बारा अंश लॉफ्ट, आणि मारून पाहिल्याशिवाय घेऊ नका. तुम्हीही त्यांना उत्तर द्या, फक्त तो शब्द न वापरता.