अकरा रकाने आणि एक टब

मुलगी तान्ही असताना तिला ज्या गुलाबी टबात न्हाऊ घालायचो, तो मी गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला माळ्यावरून खाली काढला, पाणी भरलं, बर्फाचे चारही ट्रे त्यात रिकामे केले आणि आत बसलो. म्हणजे माझा जेवढा भाग मावला तेवढा बसला. उरलेला मी बाहेरून त्या भागाकडे सहानुभूतीने बघत होतो. पाणी १४ अंश सेल्सिअसचं हवं होतं. घरात थर्मामीटर एकच, ताप मोजायचं. ते पाण्यात धरलं तर आकडा येईना, नुसतं 'लो' उमटलं. माझ्या एकूण अवस्थेचं इतकं नेमकं निदान आजवर कुणी केलं नव्हतं.

अकरा सेकंद टिकलो. बाराव्या सेकंदाला जो आवाज निघाला तो माझाच होता हे मला जरा उशिरा कळलं.

"अहो, पडलात का?" बायको दाराबाहेरून.

"नाही गं. डोपामिन वाढवतोय."

बाहेर थोडा वेळ काहीच नाही. मग, "वाढवून झालं की फरशी कोरडी करून या. आणि बर्फ सगळा संपवलात का?"

हे सगळं एका अहवालापायी. पाच पानांचा अहवाल, पंधरा दिवसांपासून लिहायचा आहे. रोज फाइल उघडायचो, शीर्षक ठळक करायचो, मग ते जास्तच ठळक वाटून साधं करायचो. कर्सर लुकलुकत राहायचा. त्याच्याकडे टक लावून पाहिलं की आपणही त्याच्याच तालात पापण्या मिटायला लागतो, हा माझा शोध. ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो गंभीर होऊन म्हणाला, "सर, तुमचं डोपामिन डाउन आहे." मला बरं वाटलं. लहानपणी याच लक्षणांना आमच्या घरी आळस म्हणत आणि उपचार वडील स्वहस्ते करत. आता त्याला मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं नाव मिळालं होतं. रसायनाला कोण बोल लावणार?

मग मी वाचायला बसलो आणि पार बुडालो. आर्विद कार्लसन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९५७ साली सशांवर प्रयोग केला. मेंदूतलं डोपामिन रितं करणारं रेझर्पिन हे औषध दिल्यावर ससे जागच्या जागी गळून पडले, हलेनात, डुलेनात. मग ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते एल-डोपा टोचलं, तर थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. त्यातून पुढे पार्किन्सनवरचा उपचार निघाला, आणि २००० साली कार्लसनना नोबेल मिळालं. मला त्यातला पहिला ससा फार जवळचा वाटला. रेझर्पिन न घेताही सोमवारी सकाळी मी हुबेहूब तसाच असतो.

आणखी एक गोष्ट कळली. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आणि त्यांतल्या डोपामिन बनवणाऱ्या फक्त चार ते सहा लाख. एवढ्या अवाढव्य कचेरीत खरं काम करणारी मूठभर मंडळी आणि बाकी सगळे त्यांच्या सहीसाठी खोळंबलेले. ही व्यवस्था मला अजिबात अनोळखी वाटली नाही.

एवढं ज्ञान झाल्यावर मी डोपामिन वाढवण्याचा तक्ता आखला. पाच रंगांची पेनं, अकरा रकाने: गार पाणी, सकाळचं ऊन, चालणं, ध्यान, संगीत, आहार, झोप, फोनबंदी वगैरे. पट्टी नीट धरून, समासही सोडून. तीन तास मान वर केली नाही. तहान नाही, भूक नाही. बायकोने दोनदा हाक मारली ती ऐकूच आली नाही. इतकं एकाग्र मी दहावीच्या परीक्षेतही नव्हतो.

मग आचरण सुरू झालं. त्यातलं गार पाणी वर आलंच आहे; १४ अंशांच्या पाण्यात बसलं की डोपामिन अडीचशे टक्क्यांनी वाढतं असं मी वाचलं होतं. आहारात टायरोसिन हा प्रथिनांतला घटक असलेले पदार्थ हवेत, कारण त्यापासूनच एल-डोपा आणि मग डोपामिन बनतं. केळ्यात तर तयार डोपामिन असतं असं वाचून मी सलग चार केळी खाल्ली. ऊन सकाळचं घ्यायचं होतं. ते मी खिडकीतून, पांघरुणातून घेतलं. संगीताचं असं, की आवडतं गाणं ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन सुटतं, आणि काटा येण्याआधी, नुसत्या वाट पाहण्यातही सुटतं, हे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ साली दिसून आलं. मी बाही वर करून, हाताच्या केसांवर नजर ठेवून, एकच गाणं नऊ वेळा ऐकलं. काटा आला नाही. गाणं मात्र कायमचं उतरलं मनातून.

योगनिद्रेवर माझी फार भिस्त होती. कोपनहेगनमध्ये सरावलेल्या साधकांवर २००२ साली झालेल्या अभ्यासात योगनिद्रेच्या वेळी डोपामिनचा स्राव ६५ टक्क्यांनी वाढलेला आढळला होता. मी सतरंजी अंथरली, डोळे मिटले, लक्ष उजव्या पायाच्या अंगठ्याकडे नेलं. डाव्या अंगठ्यापर्यंत काही पोहोचलो नाही. योग राहिला, निद्रा लागली. दीड तासाने उठलो तेव्हा मुलगी फोनवर माझं घोरणं मैत्रिणीला ऐकवत होती.

ही मुलगी जीवशास्त्र शिकते. फी मीच भरतो. टबाचा प्रकार ऐकून ती आधी पोटभर हसली आणि मग तिने मूळ शोधनिबंधच काढला.

"बाबा, ते लोक १४ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत एक तास बसले होते. अकरा सेकंद नाही."

"पण अडीचशे टक्के वाढलं ना?"

"रक्तातलं. मेंदूतलं मोजलंच नव्हतं. रक्तातलं डोपामिन मेंदूत जातच नाही, मध्ये अडसर असतो."

"मग केळी?"

"केळ्यातलंही बाहेरच राहतं."

म्हणजे चार केळी माझ्यासोबत दाराबाहेरच उभी. तिने आणखी सांगितलं की डोपामिन म्हणजे आनंदाचा रस वगैरे काही नसतं. ते हवंहवंसं वाटायला लावतं, मिळाल्यावर आवडेलच याची हमी घेत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूत हे तपासलं होतं. सुरुवातीला रसाचा घोट मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. पुढे दिवा लागला की रस येतो हे माकडाला कळल्यावर त्या दिवा लागतानाच उसळायला लागल्या आणि रस आला तरी ढिम्म. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी नेहमीपेक्षाही थंडावल्या.

मी तक्त्याकडे पाहिलं. दिवा म्हणायचा तर हाच. किती सुरेख आखला होता.

फोनबंदीची कथा तशी छोटीच. फोन माळ्यावर, टबाच्या रिकाम्या जागी ठेवला आणि शिडी शेजाऱ्यांकडे दिली. पहिल्या तासात मांडीवर तो तीनदा थरथरला. फोन माळ्यावर, थरथर मांडीवर! दुसऱ्या तासाला मी स्टुलावर पाटी, पाटीवर शब्दकोश अशी उतरंड रचून वर चढलो. हाती लागला तेव्हा एकही निरोप नव्हता, तरी मी तिथेच, माळ्याच्या कडेला लोंबकळत, वीस मिनिटं बोटाने वर सरकवत राहिलो. १९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत विजेची तार बसवून त्यांच्यापुढे एक दांडा ठेवला होता. तो दाबला की तारेतून मेंदूला हलकी वीज मिळायची, तर उंदीर तो तासाला शेकडो वेळा दाबत राहिले. निदान त्यांना कुणी स्टुलावर चढायला लावलं नव्हतं.

झोपेचंही सांगून टाकतो. एक रात्र जागरण झालं तरी डोपामिनचा निरोप घेणारे मेंदूतले ग्राही कमी झालेले दिसतात, तेव्हा झोपेशी खेळू नये. हे अत्यंत महत्त्वाचं संशोधन मी रात्री पावणेदोन वाजता वाचलं.

चालण्याबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. बुधवारी अर्धा तास भरभर चालून आलो, अंग गरम, डोकं हलकं, आणि खुर्चीत बसल्या बसल्या अहवालाच्या अडीच ओळी झाल्या. चांगल्या ओळी. इतक्या चांगल्या, की स्वतःला बक्षीस म्हणून पाच मिनिटं फोन घेतला. जेवायला हाक आली तेव्हा तो खाली ठेवला.

काल रात्री बायको भिंतीवरच्या तक्त्यापुढे बराच वेळ उभी होती. हाताची घडी. मला वाटलं, रंगसंगती आवडली.

"अहो, हे सगळं तुम्ही त्या अहवालासाठी करताय ना?"

"अर्थात."

"मग यात अहवालाचा रकाना कुठाय?"

मी चष्मा लावून डावीकडून उजवीकडे सगळं वाचलं. मग उजवीकडून डावीकडे. मुलगी खोलीतून बाहेर येऊन दाराला टेकली. तिला असल्या वेळा बरोबर कळतात.

"घालतो ना," मी म्हणालो. "जागा आहे अजून. बारावा रकाना. दोन मिनिटांचं काम."

लाल, निळा, काळा, जांभळा असे चारही पेन सापडले. हिरवा काही सापडेना. आणि समासाची रेघ तर हिरवी आहे. बारावा रकाना वेगळ्या रंगात आखला तर सगळाच तक्ता बेंगरूळ दिसेल. मी टेबलाचा खालचा खण ओढला. त्यात जुन्या किल्ल्यांचा जुडगा होता, कुठल्या कुलपांच्या कोण जाणे. मी जमिनीवर बसकण मारली आणि एकेक किल्ली वेगळी करायला लागलो.